सुट्या स्टेममधून बीट शिकताना

वाचकांचे प्रश्न : ध्वनी आणि संगीतनिर्मिती

तयार गाण्यातून गायन, ड्रम, बेस आणि उरलेली वाद्ये निरनिराळ्या फाइलींत काढून देणारी सॉफ्टवेअर आता सहज मिळू लागली आहेत. अशा सुट्या फाइलींना, म्हणजे स्टेमना, समोर ठेवून हिप-हॉपचे बीट, म्हणजे रॅपच्या मागे वाजणारे ताल-संगीत, बनवायला शिकणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतील काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये बीट बनवतो. आवडत्या बूम-बॅप (ठसठशीत किक-स्नेअरचे जुने हिप-हॉप) गाण्यांचे स्टेम काढून मी रोज ऐकतो. ऐकताना सगळे कळते असे वाटते, पण स्वतःचा बीट करायला बसलो की तो ताठ आणि पोकळ होतो. माझ्या अभ्यासाच्या पद्धतीत काही चुकते आहे का? (सांगली)

उत्तर : तुम्ही ऐकण्यापाशी थांबता, हीच अडचण आहे. सुटे केलेले ड्रम ऐकताना ते समजल्यासारखे वाटतात, कारण त्या वेळी तुम्हाला काहीच ठरवावे लागत नाही. किक (खालच्या आवाजाचा मोठा ड्रम) किती मागे ठेवायची, स्नेअर (खणखणीत ड्रम) किती जोरात मारायचा, कोणता हाय-हॅट (झांजांच्या जोडीचा ठोका) गाळायचा, हे सगळे निर्णय दुसऱ्या कोणीतरी आधीच घेतलेले असतात. तेच चार बार (बार म्हणजे चार ठोक्यांचे आवर्तन) रिकाम्या प्रोजेक्टमध्ये स्वतः नव्याने उभे करायला घ्या, म्हणजे प्रत्येक निर्णय तुमच्या गळ्यात पडेल, आणि तुमचे चार बार व मूळचे चार बार यांत जी तफावत उरेल ती नेमकी तुम्हाला काय येत नाही ते सांगेल. स्टेमचा खरा उपयोग ही तफावत मोजण्यासाठी आहे.

सुरुवात मात्र स्टेम काढण्याने करू नका. आधी अख्खे गाणे कान देऊन ऐका आणि वहीत बार मोजत लिहा : कोणत्या बारला काय आले, काय गेले, कडव्याच्या शेवटी काय थांबले. हिप-हॉपमध्ये एकच लूप शेवटपर्यंत फिरतो असा पहिल्या ऐकण्यात समज होतो. पण आठव्या बारच्या शेवटच्या ठोक्याला किक गळणे, हुकच्या, म्हणजे मुखड्याच्या, आधी अर्धा बार बेस बंद होणे, दुसऱ्या कडव्यात एखादा नवा शेकर शिरणे अशा बारीक गोष्टींवरच गाणे पुढे सरकत असते. हे सगळे अंदाजाने लिहून झाल्यावर स्टेम काढा आणि वहीतले तपासा. जे तुम्हाला पूर्ण मिक्समध्ये ऐकू आले नव्हते आणि स्टेममध्ये आले, त्यावर खूण करून ते पुन्हा पूर्ण मिक्समध्ये ऐकू येईपर्यंत ऐका. या पायरीला बराच वेळ लागतो आणि म्हणून बहुतेक जण ती टाळतात, पण कान तयार होतो तो इथेच.

आता ताठपणाकडे येऊ. बीट ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोक्यांचा) असेल तर एक ठोका सुमारे ६६७ मिलिसेकंदांचा असतो आणि एक सिक्स्टीन्थ, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, सुमारे १६७ मिलिसेकंदांची. स्विंग ही सिक्स्टीन्थच्या जोडीवर चालणारी गोष्ट आहे : जोडीतली पहिली जागेवर राहते आणि दुसरी उशिरा येते. स्विंग ५० टक्के असेल तर दुसरी बरोबर मधोमध, म्हणजे १६७ मिलिसेकंदांवर पडते. ५४ टक्क्यांना ती १८० वर जाते, ५८ टक्क्यांना १९३ वर, आणि ६६ टक्क्यांच्या आसपास ट्रिपलेटची, म्हणजे जोडीच्या वेळेचे तीन समान भाग केल्यासारखी, चाल येते. रॉजर लिन यांनी घडवलेल्या आणि १९८८ मध्ये बाजारात आलेल्या आकाई एमपीसी ६० या पॅड वाजवून बीट करायच्या यंत्रात स्विंग याच पद्धतीने मोजला जातो, आणि बूम-बॅपच्या चालीवर त्या यंत्राचा मोठा ठसा आहे. म्हणजे ताठ बीट आणि डोलणारा बीट यांत पुष्कळदा अवघ्या १३ ते २७ मिलिसेकंदांचे अंतर असते.

ते अंतर तुम्ही स्वतः मोजू शकता. ड्रमचा स्टेम प्रोजेक्टमध्ये आणा आणि पहिली किक बारच्या रेषेवर नेमकी बसवा. मग बत्तीस बार पुढची किक रेषेवर येते का ते पाहा. येत नसेल तर टेम्पो अपूर्णांकात आहे असे समजून ती येईपर्यंत तो दशांशाने बदला. हे न करता मोजमाप केले तर सगळे आकडे खोटे निघतात. टेम्पो बसल्यावर त्या स्टेमची एक प्रत घेऊन तिच्यावर सहा किलोहर्ट्झच्या पुढचेच ठेवणारा हाय-पास फिल्टर लावा, म्हणजे हॅट स्पष्ट दिसतील, आणि झूम करून प्रत्येक हॅट ग्रिडपासून, म्हणजे समान अंतरावरच्या रेषांपासून, किती दूर आहे ते लिहून काढा. हेच स्नेअर आणि किकसाठी वेगळे करा. तिन्हींचे आकडे सारखे नसतात, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. डेट्रॉइटचे हिप-हॉप निर्माते ‘जे डिला’ हे एमपीसी ३००० या यंत्रावर हाताने पॅड वाजवून, ग्रिडची सक्ती न स्वीकारता बीट करत. त्यांच्या कामात किक, स्नेअर आणि हॅट आपापल्या वेगळ्या चालीने मागेपुढे असतात, त्यामुळे संपूर्ण पॅटर्नला एकच स्विंगचा आकडा लावून ती लय हाती येत नाही. (ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि ते तिथे असणे मला अत्यंत योग्य वाटते.)

पोकळपणाचे कारण बहुधा ध्वनींच्या निवडीत आहे. बूम-बॅपच्या काळचा स्नेअर अनेकदा दोन-तीन ध्वनींचा थर असे, आणि तो कोणत्या यंत्रातून गेला आहे याचाही त्यात वाटा असे. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० या यंत्राचे सॅम्पलिंग (दुसऱ्या मुद्रणातला तुकडा, म्हणजे सॅम्पल, घेणे) १२ बिटचे आणि सुमारे २६ किलोहर्ट्झचे होते, म्हणजे १३ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच त्यात टिकत नसे, आणि एकूण जागा साधारण दहा सेकंदांची होती. ती जागा पुरवण्यासाठी निर्माते ३३ आरपीएमची रेकॉर्ड ४५ वर फिरवून सॅम्पल घेत आणि यंत्रात ते पुन्हा खाली उतरवत. त्या उतरवण्यातून येणारी खरखर हा त्या आवाजाचा भाग झाला. नुसते इक्यू (वर-खालचे स्वरपट्टे कमीजास्त करण्याचे साधन) फिरवून ती येणार नाही. तुमचा एक साधा स्नेअर घेऊन हीच कृती सॉफ्टवेअरमध्ये करून पाहा.

आणि तुलना करताना मूळ गाण्याची पातळी काही डेसिबल खाली आणून दोन्हींचा जोर सारखा करा. मास्टर केलेले गाणे मोठ्याने वाजते आणि जे मोठे ते कानाला चांगले वाटते. एवढ्याने आपला बीट वाईट ठरवण्याचे कारण नाही.

प्रश्न : ट्रॅप (हिप-हॉपचा एक प्रकार) गाण्याचे स्टेम काढले की ८०८ (लांब घुमणारी किक) कधी बेसच्या फाइलीत सापडतो, कधी ड्रमच्या, तर कधी दोन्हीकडे अर्धा-अर्धा. शिवाय हाय-हॅट पाण्याखालून वाजल्यासारखे येतात. मी सॉफ्टवेअर बदलावे की सेटिंग? (नाशिक)

उत्तर : दुसरे सॉफ्टवेअर घेतल्याने थोडा फरक पडेल, पण अडचण पूर्ण जाणार नाही, कारण ती विभाजनाच्या मुळातच आहे. या सॉफ्टवेअरकडे गाण्याच्या मूळ मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या) फाइली नसतात. पूर्ण मिक्स ऐकून, यातले ड्रम बहुधा असे असतील, असा अंदाज ते बांधते. अंदाज बांधायला ते शिकते ते ज्यांचे सुटे ट्रॅक उपलब्ध आहेत अशा गाण्यांवरून. या क्षेत्रात संशोधक वर्षानुवर्षे वापरत आलेला एमयूएसडीबी१८ हा संच १५० गाण्यांचा आहे, १०० शिकवण्यासाठी आणि ५० परीक्षेसाठी, आणि त्यात प्रत्येक गाण्याचे चारच भाग केलेले आहेत : गायन, ड्रम, बेस आणि इतर. डीझर कंपनीने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये खुले केलेले स्प्लीटर आणि फेसबुकच्या, म्हणजे आताच्या मेटाच्या, संशोधकांचे डेमक्स ही स्टेम काढणारी दोन्ही सॉफ्टवेअर प्रामुख्याने याच चार कप्प्यांत विचार करतात.

८०८ मात्र या कप्प्यांत बसत नाही. रोलँडचे टीआर-८०८ हे यंत्र १९८० ते १९८३ या काळात तयार होत होते. त्याची किक लांबवून आणि स्वरात लावून पुढच्या पिढ्यांनी तिचाच बेस केला. तिचा पहिला टोला ड्रमचा आणि मागची घुमारी बेसची, तेव्हा सॉफ्टवेअर तिला दोन्हीकडे वाटून टाकते यात नवल नाही. तुम्ही बेस आणि ड्रम हे दोन्ही स्टेम एकत्र वाजवा, त्यावर १५० हर्ट्झच्या खालचेच ठेवणारा लो-पास फिल्टर लावा, म्हणजे ८०८ बराचसा अखंड ऐकू येईल. मग घुमारीच्या मधल्या भागावर ट्यूनर लावून स्वर ओळखा : ५५ हर्ट्झ म्हणजे ए, सुमारे ४४ हर्ट्झ म्हणजे त्याखालचा एफ. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी जागा सापडली तर घसरण कुठे सुरू होते आणि किती वेळ चालते, हेही टिपा. ट्रॅपच्या बेसचा निम्मा जीव त्या घसरणीत असतो.

पाण्याखालच्या आवाजाचे कारण असे की, हाय-हॅट आणि गायकाच्या स-श चा फुत्कार एकाच वारंवारितेत येतात, आणि सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला त्यांची वाटणी करत असताना हॅटचे तुकडे गळत-उगवत राहतात. स्प्लीटरची मूळ मांडणी तर ११ किलोहर्ट्झपर्यंतच काम करते. म्हणून सुट्या स्टेमवरून वेळ मोजावी. कोणता ठोका कुठे पडला याबाबत तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो. हॅटचा पोत, गायनावरचा इक्यू, रिव्हर्बची (कृत्रिम घुमण्याची) लांबी यांचा निवाडा मात्र त्यावरून कधीही करू नये. गायनाच्या रिव्हर्बची शेपटी पुष्कळदा ‘इतर’ मध्ये जाऊन पडते, आणि मग गायन कोरडेच ठेवले होते असा चुकीचा धडा विद्यार्थी घेतो. असे बीट मी ऐकले आहेत, ज्यांत स्टेममधला दोष शैली समजून हुबेहूब उचललेला होता, आणि मेहनती मुलांचे श्रम असे वाया जाताना वाईट वाटते.

शंका आली की साधी चाचणी करा. मूळ गाणे आणि ड्रमचा स्टेम शेजारी-शेजारी ठेवा, स्टेमची पोलॅरिटी उलटी करा (म्हणजे त्याची ध्वनिलहर वर-खाली पालटा) आणि दोन्ही एकत्र वाजवा. ड्रम वजा होऊन जे उरेल त्यात ड्रमचे किती अवशेष आहेत आणि ड्रमबरोबर इतर काय नाहीसे झाले, हे ऐकले की त्या स्टेमवर किती विश्वास टाकायचा ते समजते. आणि गाणे शक्यतो विकत घेतलेल्या वेव्ह किंवा फ्लॅक फाइलीत घ्या. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये वरचा भाग आधीच कापलेला असतो.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि खर्च करण्याची ऐपत नाही. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? (लातूर)

उत्तर : अल्टिमेट व्होकल रिमूव्हर हे मोफत आहे, त्यात डेमक्ससह अनेक मॉडेल चालतात आणि ते साध्या प्रोसेसरवरही काम करते, फक्त वेळ अधिक लागतो, म्हणून अख्खे गाणे न देता हवे तेवढे तीस-चाळीस सेकंद कापून द्या. तुमच्याकडे एफएल स्टुडिओ असेल तर २१.२ पासून ही सोय त्याच्या काही आवृत्त्यांत आली आहे, तुमची आवृत्ती तपासा. यापलीकडे काही विकत घेण्याची गरज नाही.

प्रश्न : २००२ साली आलेल्या ‘ॲडिक्टिव्ह’ या अमेरिकन गाण्यात लताबाईंचा आवाज आहे. मी त्याचे स्टेम काढले तर लताबाई आणि ती अमेरिकन गायिका दोघी एकाच फाइलीत आल्या. मग मूळ निर्मात्याने लताबाईंचा आवाज वेगळा कसा मिळवला? (पुणे)

उत्तर : त्यांनी तो वेगळा केलाच नव्हता, आणि सॅम्पलवर उभ्या असलेल्या हिप-हॉपचा अभ्यास करताना हीच गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यायला हवी. गायिका ट्रुथ हर्ट्स यांच्या या गाण्याचे निर्माते डीजे क्विक यांनी १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातील, बप्पी लाहिरी यांनी संगीत दिलेल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्याचा भाग घेतला, तो गायन आणि त्यामागची वाद्ये यांसकट, आणि त्यावर आपले ड्रम चढवले. सॉफ्टवेअरला हा इतिहास ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने माणसाचा आवाज तेवढा गायनाच्या कप्प्यात : लताबाई, ट्रुथ हर्ट्स आणि मध्येच येणारे रॅपर राकिम, सगळे एकत्र. जुन्या गाण्यातला ठेका आणि डीजे क्विक यांचे ड्रम हेही तसेच एका फाइलीत मिसळतात.

याचा अर्थ असा की सॉफ्टवेअर ज्या चार फाइली देते, त्या निर्मात्यापुढे कधी नव्हत्याच. त्याच्यापुढे एक सॅम्पल होते, ज्यात आवाज, वाद्ये आणि ठेका एकजीव होते, आणि दुसरीकडे त्याचे स्वतःचे ड्रम होते. त्याची सारी कारागिरी या दोहोंचा मेळ घालण्यात आहे. चार फाइली पाहून ‘आधी बेस वाजवला, मग त्यावर तंतुवाद्ये रचली’ असा क्रम कोणी मनाशी बांधला, तर तो घडलेल्या प्रक्रियेच्या अगदी उलट होईल.

सॅम्पल कोणते आणि नंतर वाजवलेले कोणते, हे ओळखायची एक चांगली खूण आहे. बेस आणि ‘इतर’ हे दोन स्टेम एकाखाली एक ठेवून वेव्हफॉर्म पाहा. दोन्ही नेमक्या एकाच क्षणी तुटत असतील, आणि त्या तुटण्याबरोबर मागची खरखरही तुटत असेल, तर ती दोन वाद्ये नसून एकाच सॅम्पलचे दोन तुकडे आहेत. उलट सॅम्पल तुटले तरी बेस पुढे घुमत राहिला तर तो स्वतंत्र वाजवलेला आहे. मूळ गाणे मिळाले तर ते विभाजनाशिवाय ऐका, आणि निर्मात्याने काय घेतले यापेक्षा काय सोडून दिले ते पाहा. ‘थोडा रेशम’ तुम्हाला पाठ असेल, त्यामुळे तुमच्यासाठी हा अभ्यास सोपा आणि आनंदाचाही आहे.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. ती दिवसभर इतरांची गाणी सुटी करून त्यांचे तुकडे जोडत बसते. ही चोरी नव्हे का, आणि उद्या कायद्याची अडचण तर येणार नाही ना? (ठाणे)

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. मुलगी घरी अभ्यासासाठी हे करते तोपर्यंत चिंतेचे कारण दिसत नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापर आणि संशोधनासाठी केलेल्या न्याय्य वापराला मोकळीक देते. ती तुकडे घातलेले गाणे लोकांसाठी प्रसिद्ध करते तेव्हा गोष्ट बदलते. मग गीत-संगीताचे हक्कदार आणि ध्वनिमुद्रणाचे हक्कदार अशा दोघांचीही परवानगी लागते, आणि सॉफ्टवेअरने सुटा केलेला स्टेम हाही त्या ध्वनिमुद्रणाचाच भाग असल्याने गायन काढून टाकल्याने सुटका होत नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९१ साली रॅपर बिझ मार्की यांच्याविरुद्ध परवानगीविना सॅम्पल वापरल्याबद्दल निकाल दिल्यापासून अमेरिकेत आगाऊ परवानगी घेणे हा शिरस्ता झाला. आणि वर उल्लेख केलेल्या ‘ॲडिक्टिव्ह’ च्या बाबतीत २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयाने बप्पी लाहिरी यांचे नाव दिल्याशिवाय विक्री करण्यास मनाई केली.

चोरीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कायद्याएवढे सोपे नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क यांनी बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डमधला नुसत्या तालाचा भाग लांबवून वाजवला, तिथून ही कला निघाली असे मानतात. दुसऱ्याची रेकॉर्ड उलगडणे हे तिच्या मुळातच आहे. पण द विन्स्टन्स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या १९६९ च्या एका गाण्यातील ग्रेगरी कोलमन यांचा सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला, आणि २००६ मध्ये ते गेले तोवर त्यांना त्याची रॉयल्टी मिळाली नव्हती, हेही त्याच इतिहासात आहे. मुलीला एक सवय लावा : ज्या गाण्याचा तुकडा घेतला त्याचे गायक, संगीतकार, वादक आणि साल यांची नोंद प्रत्येक प्रोजेक्टच्या फाइलीत करायची. वादकांची नावे शोधताना तिचे ऐकणेही वाढेल.

प्रश्न : आम्ही मित्र मराठी रॅप करतो. जुन्या लोकगीतांतून हलगी आणि ढोलकी सुटी काढायचा प्रयत्न केला, पण नीट निघत नाही. ढोलकीचा खालचा आवाज बेसमध्येच जातो. काय करावे? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : ढोलकीच्या दोन बाजूंपैकी एक घुमणारी आणि दुसरी स्वरात लावलेली; ज्या सॉफ्टवेअरने ड्रम म्हणून मुख्यतः किक-स्नेअर-हॅट ऐकले आहेत, ते घुमारीला बेस समजते. जुन्या मुद्रणांत सगळे वादक बहुधा एकाच माइकभोवती असत, त्यामुळे वाटणी आणखी कठीण होते. या स्टेमवरून वेळेचे मोजमाप करा, ठोक्यांतली अंतरे लिहून काढा, तोडा कुठे सुरू होऊन समेवर कसा येतो ते पाहा. पण बीटमध्ये वाजवण्यासाठी ते वापरू नका.

तुमच्या जिल्ह्यात हलगीवाले आणि ढोलकीवाले आहेत, तेव्हा त्यांनाच योग्य मानधन देऊन मुद्रण करा. चामड्याची हलगी तापवून ताणली जाते आणि वाजवता-वाजवता उतरते, म्हणून सगळे सुटे ठोके एकाच तापवणीत, एकामागून एक घ्या : हलका, मध्यम आणि जोराचा, प्रत्येकी चार-पाच वेळा, दोन ठोक्यांमध्ये आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबून. एकच ठोका पुन्हा पुन्हा वापरला की यंत्रासारखा ऐकू येतो, म्हणून ही संख्या. हलगीसाठी माइक दोन-तीन फूट लांब ठेवा, ढोलकीला दोन्ही पुड्यांसमोर एकेक. पातळी उणे दहा-बारा डेसिबलच्या पुढे जाऊ देऊ नका, कारण हलगीचा जोराचा ठोका अचानक उसळतो. त्यानंतर वादकाला हेडफोनमध्ये तुमच्या बीटचा फक्त बेस ऐकवा आणि क्लिक (ठोके मोजून देणारी टिकटिक) न लावता दोन-तीन मिनिटे मनासारखे वाजवू द्या. त्या मुद्रणातले ठोके ग्रिडवर ओढून बसवण्याआधी सांगलीच्या वाचकाला सांगितलेली मोजणी करून पाहा, आणि त्यांची अंतरे जशी आहेत तशीच ठेवून तुमच्या किक-स्नेअरला त्यांच्या मागे न्या.